फार सरळ रेघ

सगळे तारे फरपटलेले होते. चहाचा कप लॅपटॉपशेजारी टेकवून तिने पहिला फोटो उघडला, मग दुसरा, मग घाईघाईने एकदम शेवटचा, आणि सगळीकडे तेच. ठिपक्यांच्या जागी बारीक बारीक रेघा, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या, ओल्या शाईवरून कुणाची बाही फिरावी तशा. मधल्या तेजोमेघाची लालसर धग, जिच्यापायी एवढा खटाटोप, तीही पुसट होऊन सांडलेली. तिला राग यायला हवा होता. पण आधी नवलच वाटलं, कारण काल झोपण्यापूर्वी पडद्यावरची, दुर्बिणीची चाल दाखवणारी रेघ तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, आणि इतकी सरळ रेघ तिने दुर्बिणीला डोळा लावायला लागल्यापासून कधी पाहिली नव्हती. त्या रेघेच्या भरवशावर तर ती झोपली होती.

"बिघडले का?" नवऱ्याने पलंगाखाली मोजा शोधता शोधता विचारलं.

"सगळे. एक म्हणून नीट नाही. आणि रेघ बघ कशी आहे. पट्टीने ओढल्यासारखी."

"मग चांगलंच की."

"तेच तर. इतकी चांगली नसते रे ती."

त्याला हे पूर्वी एकदा समजावून झालं होतं, लग्नाआधी, जेव्हा तो तिची जड पेटी गच्चीवर चढवून देण्यातच धन्यता मानायचा. आकाश फिरतं, म्हणून दुर्बिणीखालच्या बैठकीत एक मोटर असते, ती दुर्बिणीला ताऱ्यांच्या चालीने फिरवते. लहान भिंग असेल, फोटो चटकन काढून मोकळं व्हायचं असेल, तर तेवढ्याने भागतं. पण भिंग लांब पल्ल्याचं झालं आणि कॅमेऱ्याचं दार मिनिटामागून मिनिटं उघडं ठेवायचं झालं की बैठकीचा खोटेपणा बाहेर पडतो. आतलं दातेरी चाक कुठल्याही कारखान्यात अगदी गोल बनत नाही. तारा हळूच डावीकडे जातो, हळूच उजवीकडे येतो, झोपाळ्यावर बसल्यासारखा. तेव्हा मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण बसवायची, तिच्या कॅमेऱ्याला एकच तारा धरायला सांगायचं, आणि तो जरा सरकला की त्याने मोटरीला टोचायचं, अगं इकडे, अगं तिकडे. ते टोचणं पडद्यावर रेघ होऊन उमटतं. जिवंत ताऱ्यामागे जाणारी रेघ थरथरते, वर जाते, खाली येते. हवासुद्धा तिला हलवते. "म्हणजे बायकोसारखं," तो तेव्हा म्हणाला होता, "नवरा सरळ चालावा म्हणून सारखं टोचत राहायचं." आणि ती हसली होती, कारण तेव्हा त्याच्या कुठल्याही विनोदाला ती हसायची.

तिने छोट्या कॅमेऱ्याची चौकट मोठी करून पाहिली. यंत्राने ज्या ताऱ्याभोवती हिरवा चौकोन आखला होता तो तारा नव्हताच. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच एक बिघडलेला ठिपका होता, अंधार असो उजेड असो, आपला चमकत राहणारा. तो कुठे हलणार? आकाश त्याच्यावरून सरकत गेलं, आणि यंत्र रात्रभर त्या ठिपक्याकडे बघत कळवत राहिलं, सगळं जागच्या जागी आहे, सगळं जागच्या जागी आहे. मध्ये ढगसुद्धा येऊन गेले होते. बाळाचं दूध गरम करताना तिने खिडकीतून ते पाहिले होते, आणि तरी रेघ तुटली नाही म्हणून यंत्राचं कौतुक केलं होतं. खरं तर सुरुवातीला दुर्बिणीला मुद्दाम एक धक्का द्यायचा असतो, आणि धरलेला तारा हलतो का ते बघायचं असतं. काल तिने ते टाळलं. बाळ उठेल, जेवायचं राहिलंय, यंत्रात मागची मोजमापं आहेतच की.

"रात्रभर एका मेलेल्या ठिपक्यामागे लागलं होतं यंत्र," ती म्हणाली. "कॅमेऱ्यातल्याच."

"घ्या. म्हणजे स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ बघत बसलं होतं की रात्रभर."

ती हसली. आणि तिचं हसू अजून ओठांवर होतं तेवढ्यात स्वयंपाकघरात झाकणं कोसळली. पातेल्यांची सगळी झाकणं, लहानमोठी, एकावर एक रचलेली, फरशीवर आदळली. एक तर गरगरत, खणखणत, थांबता थांबेना. तिच्या कपातला चहा बशीत आला. नवऱ्याने डोकं वर काढलं ते पलंगाच्या कडेवर आपटलं. आणि त्या दोघांच्या मध्ये, सतरंजीवर, स्वयंपाकघराकडे पाठ करून बसलेलं त्यांचं बाळ नुकताच सापडलेला बापाचा मोजा दोन्ही मुठींत धरून ताणत होतं. ताणून बघत होतं, तोंडात घालत होतं, पुन्हा ताणत होतं. त्याच्या मानेवरची बारीक लव, टाळूचा तो मऊ भाग, कानाची पाकळी, काही म्हणजे काही हललं नाही.

"आई, तुझ्या हातांना झालंय तरी काय?" नवरा डोकं चोळत म्हणाला. "परवा चमचे, त्याच्या आधी किल्ल्यांचा जुडगा. दाखवू या का कुणाला?"

"वय झालं आता," सासूबाई दारात उभ्या होत्या. झाकणं तशीच पडलेली, आणि त्या बाळाकडे बघत होत्या. "आणि हा बघा. जग बुडालं तरी ह्याची समाधी मोडायची नाही. मुनी तो मुनी."

मुनी. हे नाव त्यांनीच ठेवलेलं. घरात सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं होतं, दाखल्यावरचं नाव फक्त लसीच्या दिवशी आठवायचं. नवरा हसला, सासूबाईही हसल्यासारख्या झाल्या. तिने बशीतला चहा कपात ओतला, कप उचलला, आणि तो ओठांपर्यंत न नेता खाली ठेवला. मुनीच्या न हललेल्या मानेकडे ती बघत राहिली. काल रात्री आकाशही असंच, न आवाज करता, सरकलं असेल.

ती चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढते. बाळंतपणाची रजा संपवून पुन्हा जायला लागून फार दिवस झाले नव्हते, तेही अर्धाच दिवस. दुकानापर्यंतचा रस्ता तिच्या पायांना इतका पाठ होता की त्यावरून जाताना डोकं मोकळं राहायचं, आणि आज नेमकं तेच नको होतं. कोपऱ्यावर रस्ता खणत होते. खणणाऱ्या यंत्राच्या आवाजाने कानांत दडे बसत होते, आणि त्याच्या पलीकडेच एक बाई बाबागाडी थांबवून आत वाकली होती, आतलं मूल टाहो फोडत होतं, बाई त्याचे कान आपल्या तळव्यांनी झाकत होती. ती उभी राहून बघत राहिली. कुणाचं मूल रडतंय आणि आपल्याला त्या बाईचा हेवा वाटतोय, हे लक्षात आल्यावर ती चालू लागली. वरच्या मजल्यावरच्यांनी घर दुरुस्तीला काढलं होतं तेव्हा भिंतीत असंच यंत्र चालायचं, आठवडेच्या आठवडे, आणि मुनी त्या भिंतीला लागून झोपायचा. ताई बघायला आली होती, तिची स्वतःची मुलगी दाराची कडी वाजली तरी दचकून उठायची, रात्र रात्र कुणाला झोपू द्यायची नाही. "तुझं नशीब थोर आहे बाई," ताई म्हणाली होती. "असलं मूल मिळत असेल तर मी अजून चार घेते." आणि तिने तेव्हा काय केलं होतं? संकोचाने हसून म्हटलं होतं, दृष्ट लावू नकोस. मनातून मात्र ती फुलली होती. तिला वाटलं होतं, हे आपलंच काहीतरी त्याच्यात उतरलंय, आपला शांतपणा, गच्चीवर एकटीने उभं राहायची आपली सवय.

दुकानात पहिलं माणूस आलं, दुसरं आलं. डावा डोळा झाका. आता कसं दिसतं, आधीचं बरं की हे बरं. तिचं तोंड बोलत होतं, हात भिंगं फिरवत होते. अंधाऱ्या खोलीत समोरचा उजळलेला तक्ता, वरचं मोठं अक्षर, खाली उतरत जाणारी बारीक अक्षरं. पूर्वी एक बसचालक यायचा, मोठ्या मिशांचा, गमत्या. दर वर्षी खालपर्यंत धडाधड अक्षरं वाचून दाखवायचा आणि वर म्हणायचा, "बाई, माझे डोळे घारीचे आहेत, लिहा." एकदा बिलासाठी तिने त्याला कागद पुढे केला तर त्याने तो नाकाला लावला. तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने त्याला पुन्हा आत नेलं, आरशातून उलटा तक्ता दाखवला, आणि तो दुसऱ्याच ओळीला थांबला. तक्ता पाठ करून यायचा. डोळे ठीक असल्याच्या कागदावर तिने सही केली नाही तेव्हा तो रागावला नाही, उलट बराच वेळ खुर्चीत बसून राहिला आणि म्हणाला, "मला दिसत नाही हे मला माहीत नव्हतं असं नाही बाई. पण तुम्ही दर वेळी दिसतं म्हणायचात ना." त्याचं ते वाक्य तिला इतक्या दिवसांनी आज आठवलं, आणि समोरच्या बाईंना तिने तेच भिंग दोनदा दाखवलं. "दोन्ही सारखीच वाटतायत हो," बाई म्हणाल्या. "सारखीच आहेत," ती म्हणाली. "चुकलं माझं."

दुपारी दुकान रिकामं झालं तेव्हा तिने मुद्दाम, ठरवून, उलट्या बाजूने सुरुवात केली. त्याला ऐकू येतं याचे पुरावे. एक, ती घरी आली की तो वळतो. दार उघडायच्या आधीच वळतो कधी कधी, सासूबाई कौतुकाने सांगतात, आईची चाहूल लागते ह्याला. पण त्यांची जमीन फळ्यांची आहे. फक्त स्वयंपाकघरात फरशी. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय पडला की सगळी बैठकीची खोली पायाखालून कळवते, आणि तो सतरंजीवर, जमिनीला चिकटून बसलेला असतो. दुसरं, रात्री ती उठली की तो उठतो. पण गादी एक आहे. तिसरं, तो बोलायचा. आ, गू, ब्ब, थुंकीचे फुगे काढत, तासन्‌तास. बोलायचा. तिने आठवून पाहिलं, शेवटचं कधी बोलला. जागा झाल्यावर हल्ली तो नुसता हातांकडे बघत पडून राहतो, बोटं उघडतो, मिटतो, आणि त्या दोघांपैकी कुणी दिसलं की सगळं अंग हलवून हसतो. सासूबाई म्हणाल्या होत्या, मुनींनी मौन धरलंय. ते वाक्य आठवल्यावर पुरावे मोजायचं तिने सोडून दिलं. प्रत्येक पुरावा हात लावताच बाजूला सरकत होता आणि त्याच्यामागे दुसरंच काही निघत होतं, सावली, वास, हादरा. एकच उरला होता, आणि त्याला हात लावायचं तिच्याने होईना. अंगाई. झोपताना तो तिच्या खांद्यावर असतो, त्याचा तळवा तिच्या गळ्यावर, हनुवटीखाली, तिथेच त्याला हवा असतो. दुसरीकडे ठेवला तर कुरकुरतो. ती गाते. तिचा आवाज काही गोड नाही, शाळेत तिला समूहगीतात मागच्या रांगेत उभं करायचे. पण तो ऐकत ऐकत डोळे मिटतो. गाणं थांबलं तर डोळे उघडतो. अख्ख्या जगात तिचं गाणं आवडणारा तो एकटा. एवढं तरी खोटं नसेल.

आणि तो जन्मला त्या दवाखान्यातली ती नर्स. कानांची तपासणी आज होणार नाही, मशीन बंद आहे, महिन्याने घेऊन या. महिन्याने तिला टाके दुखत होते, झोप नव्हती, अंगाला दुधाचा वास होता, आणि मूल इतकं शांत होतं. त्याला कशासाठी तपासायचं? कुणी काही लपवलं नव्हतं. कुणी खोटं बोललं नव्हतं. धक्का देऊन बघायचं राहून गेलं, एवढंच. मागची मोजमापं होतीच की.

तिने मालकांना सांगितलं, "मी जरा लवकर जाऊ का?"

"बाळ बरं आहे ना?"

"बरं आहे," ती म्हणाली. तोंडून सवयीने तेच निघालं.

जिन्यात आल्यावर तिने चपला काढून हातात घेतल्या. शेवटच्या पायऱ्या ती भिंतीला धरून, कडेकडेने चढली, जिथे फळी वाजत नाही. चोरासारखी स्वतःच्या घरात शिरली. संध्याकाळ उतरत होती, खोलीत दिवा लागला नव्हता, आणि खिडकीतून आलेला उजेड पार सतरंजीच्या कडेपर्यंत मागे हटला होता. मुनी पाठमोरा बसला होता. समोर तीन चेंडू. तिने दारातल्या पायपुसण्यावर दोन्ही पाय रोवले, श्वास हळू केला. वारा तिच्याकडून नव्हता, सावली पुढे पडत नव्हती. इतक्या नेटकेपणाने तिने आयुष्यात एकही निरीक्षण केलं नसेल. आता फक्त हाक मारायची. तोंड उघडलं आणि तिला कळलं की हाक मारली नाही तोवर तो ऐकणारा आहे. झाकली मूठ आहे ही. अजून तिला मागे जाता येईल, चपला घालून धाडधाड चढता येईल, तो वळेल, हसेल, सगळं जागच्या जागी असेल.

"मुनी," ती म्हणाली.

मग जरा मोठ्याने. मग त्याच्या दाखल्यावरच्या खऱ्या नावाने, जे तिनेच शोधून काढलं होतं. मग तिच्या तोंडून नुसताच आवाज निघाला, त्याला काही नाव नव्हतं. मुनीने पिवळा चेंडू उचलला, निरखला, जिभेने चाटून पाहिला.

"तो नाही वळायचा," मागून कुणी तरी म्हणालं.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात होत्या. ओच्याला हात पुसत होत्या, हात कोरडेच होते तरी. अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

"तुम्हाला कधी आलं लक्षात?" तिने विचारलं. आपला आवाज इतका सरळ कसा, असं तिला वाटलं.

"तू कामावर जायला लागलीस तेव्हा. दिवसभर आम्ही दोघंच. मी बोलत असते गं, मला सवय आहे भिंतींशीसुद्धा बोलायची. एक दिवस लक्षात आलं, भिंतींशीच बोलतेय."

"आणि सांगितलं नाहीत."

"रोज सांगायला निघायचे." सासूबाई खाली बसल्या, गुडघ्यावर हात टेकून, एकेक करत. "माझ्या हातांना काही झालेलं नाही, पोरी. ते चमचे सुटले नव्हते. तुम्ही दोघं समोर असताना पाडायचे, म्हणजे तुमच्या तुम्हाला दिसेल, मला तोंडाने म्हणावं लागणार नाही. आणि पाडलं, की तुमचे चेहरे बघून माझीच छाती फुटायची, आणि तोंडातून मुनीच यायचं."

तिला राग आला. फार मोठा, उबदार राग, धरायला बरा. म्हातारीने एवढे दिवस, आणि वर समाधी काय, मौन काय. ती काही तरी लागेल असं बोलणार होती. पण आज सकाळी झाकणं खाली पडलेली असताना त्या बाळाकडे का बघत होत्या हे तिला आता दिसलं. आणि त्यांनी ती झाकणं आधी एकावर एक रचली असतील, हातांत घेतली असतील, मग जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या असतील, हेही दिसलं. तीही मग खाली बसली, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. तिच्या बसण्याचा हादरा फळ्यांमधून गेला असावा. मुनीने वळून पाहिलं, दोघी एकदम सापडल्या म्हणून सगळं अंग हलवून हसला, आणि चेंडू त्यांच्याकडे टाकला. तो भलतीकडेच गेला.

"मी बरी आजी आहे," सासूबाई म्हणाल्या. "नातवाला मुनी म्हणून हाक मारणारी."

"हाक त्याला कुठे ऐकू आली," ती म्हणाली, आणि दोघींनाही हसू फुटलं, ते भयंकर होतं, आवरता येईना. सासूबाई तोंडात पदराचा बोळा धरून हसत होत्या, आणि मग हसत नव्हत्या.

नवरा आला तेव्हा दिवा लागलेला होता. सांगायचं काम सासूबाईंनी केलं. तिने फक्त बाळाला मांडीवर धरून ठेवलं. तो बॅग खांद्यावरून न उतरवता ऐकत उभा राहिला.

"किल्ल्या?" तो म्हणाला.

"किल्ल्या पण."

"चमचे?"

"चमचे तर दोनदा."

"मी तुझ्या हातांसाठी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, आई," तो म्हणाला. "परवाची." तो खुर्चीत बसला, पुन्हा उठला. "असं घरात बसून काही ठरत नसतं. सर्दी असेल त्याला. कानात मळ असेल. माझा मामा तीन वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता आणि आता कुणाला बोलू देत नाही." त्याने खिशातून किल्ल्या काढल्या, बाळाच्या पाठीमागे गेला, हात उंच केला, आणि तसाच राहिला. तिने त्याच्याकडे पाहिलं. वाजव, असं तिला म्हणायचं होतं, आणि वाजवू नकोस असंही. त्याने किल्ल्या मुठीत घट्ट धरून, आवाज होऊ न देता, परत खिशात घातल्या. मग फोन घेऊन आतल्या खोलीत गेला. दार लोटलेलं होतं तरी ऐकू येत होतं: हो, तीच वेळ. पण माणूस बदलायचाय. नाही, आईचे हात नाहीत. मुलाचे कान दाखवायचे आहेत. नाही, आधी कधी तपासलेले नाहीत.

दुर्बीण कालपासून गच्चीवरच होती, ताडपत्रीखाली. ती उतरवायला म्हणून ती वर गेली. अंधार नुकताच पडला होता, ध्रुव उगवल्यासारखा दिसायला लागला होता, तो काही उगवत नाही तरी. खाली उतरवायच्या ऐवजी तिने ताडपत्री काढली, लॅपटॉप वर आणला आणि वायर जोडली. का, हे तिला सांगता आलं नसतं. हात काही तरी मागत होते. आज तिने सगळं क्रमाने केलं. छोट्या दुर्बिणीला झाकण लावलं आणि अंधाराचाच फोटो घेतला. झाकणाआड काहीच दिसता कामा नये. तिथेही जे चमकतं ते ताऱ्यांत मोजायचं नाही. पाचसहा ठिपके होते. त्यांतला कालचा तिने लगेच ओळखला. इतका लहान, इतका ठाम. तिने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. त्याची काही चूक नव्हती. मग झाकण काढलं, एक तारा धरला, दुर्बिणीला धक्का दिला. तारा हलला. पलीकडे ढकललं, पलीकडे गेला. मगच तिने रेघ सुरू केली, आणि ती लगेच थरथरायला लागली, वर, खाली, वेडीवाकडी, रडव्या मुलाने ओढावी तशी. चिमटीत धरल्यासारखी ती त्या रेघेकडे बघत राहिली. पूर्वी अशी रेघ दिसली की तिला वाईट वाटायचं.

जिन्यावर पावलं वाजली. सासूबाई त्याला घेऊन वर आल्या होत्या, धापा टाकत.

"झोपायला तयार नाही. तूच घे बाई. आणि ह्याचा बाप खाली कानांवर काय काय वाचत बसलाय, त्याला मी चहा देते, नाहीतर तो त्या फोनलाच उत्तरं देत बसेल." त्या जायला वळल्या, थांबल्या. "परवा मीही येते. येऊ ना?"

"तुम्ही नाही आलात तर तिथे सांगणार कोण, कधीपासून ते?"

त्या गेल्या. मुनी जड होता, झोपेने चिडलेला, डोकं इकडून तिकडे घासत होता. तिने त्याला खांद्यावर घेतलं. त्याचा हात चाचपत वर आला, गळपट्टीवरून, मानेवरून, आणि नेहमीच्या जागी थांबला. हनुवटीखाली, गळ्याच्या मऊ खळग्यावर, तळवा सपाट. तो वाट बघत होता. अंगाईसाठी तिने तोंड उघडलं आणि अंगाई आली नाही. घशात नुसताच एक गोळा वर आला, खाली गेला. त्याबरोबर तिच्या गळ्यावरचा तळवा जरा दाबला गेला, बोटं उघडली, शोधायला लागली. तेव्हा तिला कळलं की इतके महिने तो काय ऐकत होता. ती तशीच उभी राहिली. त्याला चाल माहीत नव्हती, शब्द माहीत नव्हते, तिचा आवाज कसा आहे हे माहीत नव्हतं. आणि तरी गाणं थांबलं की त्याचे डोळे उघडायचे.

पडद्यावर रेघ कापत होती. परवाचं परवा. तिने घसा साफ केला, तोही त्याला कळला, आणि मग ती गाण्याऐवजी बोलायला लागली. काल रात्री काय चुकलं ते, अगदी पहिल्यापासून, ढगांपासून. जवळचं काम असतं ना रे, ती म्हणाली, आणि थोडक्यात उरकायचं असतं, तेव्हा नुसती मोटर पुरते. पण लांबचं बघायचं असलं, आणि फार वेळ बघायचं असलं, तर सारखं हात लावून बघावं लागतं. शब्दागणिक त्याचा तळवा तिच्या गळ्यावर जरासा सरकत होता, आणि पुन्हा जागेवर येत होता.